दोन तोळे शिसं

साठी बुद्धी नाठी ही म्हण ज्यानं प्रथम केली, त्याच्या दारात जुनी फियाट उभी असली पाहिजे, असा माझा कित्येक वर्षांचा संशय आहे. म्हण फियाटपेक्षा जुनी आहे, हे मला मान्य. पण अनुभव तंतोतंत जुळतो, त्याला काय करणार? आमची गाडी ताशी ५९ किलोमीटरपर्यंत अगदी समंजस असायची. काटा ६० वर आला, की तिचं डोकं फिरायचं. आधी स्टिअरिंग थरथरायचं. मग ती थरथर माझ्या मनगटांतून खांद्यात आणि खांद्यातून जबड्यात चढायची. शेजारी बसलेल्या आमच्या हिला मी ‘ऊन फार आहे, नाही?’ एवढं विचारलं, तरी ते तान घेऊन विचारल्यासारखं ऐकू जायचं. ७० च्या पुढे थरथर थांबते, असं जाणकार सांगत. पण ७० च्या पुढे जाण्याइतके आम्ही जिवावर उदार झालो नव्हतो.

त्याचं असं झालं. १९८४ साली बँकेनं मला ऑफिसर केलं आणि ऑफिसर झाल्याची शिक्षा म्हणून वाहनकर्जही दिलं. आम्ही तेव्हा अंबरनाथला राहत होतो. नव्या गाडीसाठी नंबर लावायचा आणि मुलगा कमावता होईपर्यंत वाट बघायची, असे ते दिवस. मारुती ८०० ची पहिली किल्ली १४ डिसेंबर १९८३ ला इंदिरा गांधींच्या हस्ते दिली गेली होती खरी; पण ती दिल्लीत. अंबरनाथच्या बँक ऑफिसरच्या हाती कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली, दुसऱ्यानं वापरून सोडलेली पद्मिनी लागली. १९७४ पासून तिचं नाव पद्मिनी झालं होतं. पण लग्नात बदललेलं नाव माहेरची माणसं कुठे मानतात? सगळे तिला फियाटच म्हणत.

गाडी थरथरते म्हटल्यावर शेजाऱ्यांना उधाण आलं. अंबरनाथ हे गाव म्हणजे दहांतले सात लोक कुठल्या ना कुठल्या कारखान्यात. ऑर्डनन्स फॅक्टरीतल्या शेजाऱ्यांनी गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि ‘बेअरिंग’ एवढाच शब्द उच्चारला. विम्कोत काड्यापेट्या करण्यात हयात गेलेल्या दुसऱ्या शेजाऱ्यांचं मत पडलं, की टाय-रॉड. तिसऱ्यांनी काही न बोलता बंपरला लिंबू-मिरची बांधली. शेवटी एका रिक्षावाल्यानं मला बाजूला घेऊन सांगितलं, “साहेब, चाकं बॅलन्स करून घ्या. उल्हासनगरला जा. कॅम्प नंबर चार. चाचा म्हणून विचारा.”

बॅलन्स म्हटल्यावर मला बरं वाटलं. आमचं आयुष्यच बॅलन्स जुळवण्यात गेलेलं. तीन पैशांच्या फरकासाठी रात्री दहापर्यंत खातेवह्या चाळलेला मी माणूस. चाकाचाही ताळेबंद असतो आणि तोही जुळला नाही तर सगळी शाखा थरथरते, हे ऐकून गाडीबद्दल प्रथमच आपुलकी वाटली.

अंबरनाथहून उल्हासनगरला जायला फार वेळ लागत नाही. पण उल्हासनगरला लोक आले, ते फार लांबून. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळच्या माळावर इंग्रज सरकारनं लष्कराचा तळ उभारला. युद्ध संपलं, बराकी ओस पडल्या आणि १९४७ च्या फाळणीनंतर त्याच बराकींतून सिंधमधल्या निर्वासितांची बिऱ्हाडं लागली. ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी इथे कोनशिला बसवली आणि उल्हास नदीवरून वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळालं. नाव बदललं तरी लोकांच्या तोंडचे एक ते पाच नंबरचे कॅम्प काही गेले नाहीत. पुढे या गावानं मिळत नव्हतं ते स्वतः बनवायला घेतलं आणि त्यावर जे छापायचं ते छापलं. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ हा विनोद तुम्ही ऐकला असेलच. मला तो चाचांनीच ऐकवला आणि ऐकवून झाल्यावर माझ्याआधी तेच हसले.

चाचा तेव्हा पंचेचाळिशीचेही नसतील. पण सगळा कॅम्प त्यांना चाचा म्हणायचा, म्हणून मीही म्हणायला लागलो. ते प्रत्येकालाच ‘साईं’ म्हणत. मलाही आणि पोलिसालाही. पत्र्याची एक शेड, बाहेर टायरांची उतरंड, आत झुलेलालची तसबीर आणि तिच्याखाली लाकडी डब्यात सोनाराचा एक छोटा तराजू. गॅरेजमध्ये सोनाराचा तराजू पाहून मी जरा सावध झालो. बिलाची कल्पना त्यावरून यायला लागली होती.

चाचांनी गाडी चालवून पाहिली नाही, की बॉनेट उघडलं नाही. स्टुलावर बसून त्यांनी पुढच्या डाव्या चाकाकडे बराच वेळ पाहिलं. डॉक्टर जीभ बघतात तसं. मग हवा तपासली. मग स्क्रू-ड्रायव्हरनं टायरच्या खाचांत रुतलेले खडे एकेक करून उपसून काढले. ते ओंजळभर खडे माझ्यापुढे धरून म्हणाले, “साईं, अंबरनाथ की पूरी सडक साथ में लाये हो.”

पुढचा कार्यक्रम मी जन्मात विसरणार नाही. जॅक लावून चाक अधांतरी केलं. ब्रेक इतका सैल केला, की चाक फुंकरीनंही फिरावं. मग चाचांनी बोटानं त्याला हलकीशी गती दिली आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिले. चाक फिरलं, मंदावलं, थोडं उलटं आलं, पुन्हा सुलटं झालं आणि नको नको म्हणत थांबलं. सर्वांत खाली जी जागा आली, तिथे त्यांनी खडूची खूण केली. पुन्हा फिरवलं. पुन्हा झोके, पुन्हा नको नको, आणि खडूची खूण पुन्हा खाली. तिसऱ्यांदाही तेच.

“तीन बार एकही आदमी नीचे जाता है,” चाचा म्हणाले, “मतलब वोही भारी है.”

हे तत्त्व आमच्या बँकेत बढतीच्या वेळी उलटं लावत असत. पण तो विषय वेगळा.

आता वरच्या बाजूला, खुणेच्या बरोबर समोर, रिमच्या कडेवर चाचांनी भिजवलेल्या मातीचा गोळा चिकटवला. चाक फिरवलं. अजून खूण खालीच. गोळा वाढवला. आता गोळाच खाली. थोडी माती चिमटीनं काढली. असं करत करत, चहाचे दोन कप होईस्तोवर, चाक कुठेही थांबायला लागलं. खूण कधी वर, कधी डावीकडे, कधी खाली. चाकाला कुठलाच पक्षपात उरला नाही. मग त्यांनी मातीचा तो गोळा अलगद काढला, सोनाराच्या तराजूच्या एका पारड्यात ठेवला आणि दुसऱ्या पारड्यात शिशाचे तुकडे टाकत गेले. काटा मध्यावर आला.

“दो तोला,” चाचांनी निकाल दिला आणि तेवढं शिसं रिमच्या कडेला हातोडीनं ठोकून बसवलं.

तराजूबद्दल मी विचारलं, तेव्हा ते पान्याला लागलेलं वंगण पुसत सहज सांगितल्यासारखं बोलले. वडील शिकारपूरला सोनार होते. १९४८ साली बोटीनं मुंबईला आले, तेव्हा चाचा आठ वर्षांचे. सोनं आणता आलं नाही. तराजू आणता आला. बराकीत तोलायला सोनं कुठलं? वडिलांनी पापड विकले, पण पापडाला कधी तो तराजू लावला नाही. त्यांच्यानंतर डबा तसाच पडून होता. “मैंने सोचा,” चाचा म्हणाले, “सोना नहीं तो सीसा सही. तराजू को क्या मालूम?”

मी संध्याकाळी घरी आलो आणि उत्साहाच्या भरात दारातूनच म्हणालो, “अगं, दोन-दोन तोळे घातले!”

स्वयंपाकघरातली फोडणी तशीच जळत ठेवून आमची ही बाहेर आली. तिच्या चेहऱ्यावरचा तो प्रकाश मी लग्नानंतर प्रथमच पाहत होतो. “कुठे आहेत?” तिनं विचारलं. “चाकात,” मी म्हणालो. त्या दिवशीची आमटी करपट लागली, हे वेगळं सांगायला नको.

आमची ही शाळेत गणित शिकवायची. त्यामुळे आमच्या घरी वाद होत नाहीत, सिद्धता होते. दोन तोळ्यांनी एवढी मोठी गाडी थरथरते, यावर तिचा विश्वास बसेना. तिनं मुलाच्या वहीचं मागचं पान घेतलं. दोन तोळे म्हणजे साधारण २३ ग्रॅम. हिशेबाला २५ धरू. फियाटचं रिम १४ इंचांचं. ताशी ८० किलोमीटरला ते चाक सेकंदाला सुमारे १२ गिरक्या घेतं. त्या गिरकीत २५ ग्रॅमचं अपकेंद्री बल होतं जवळजवळ अडीच किलोइतकं. म्हणजे अडीच किलोचा हातोडा सेकंदाला १२ वेळा चाकाला कधी वर खेचतो, कधी खाली. शिवाय हे बल वेगाच्या वर्गानं वाढतं. वेग दुप्पट झाला की धक्का चौपट.

“आणि बैलगाडीच्या चाकाचं काय?” मी आपलं विचारायचं म्हणून विचारलं.

“ताशी ४ किलोमीटर धर. म्हणजे विसावा हिस्सा वेग. विसाचा वर्ग ४००. याच चाकाला तो वेग दिला, तर अडीच किलोचे ४०० भाग कर. सहा ग्रॅम.” तिनं पेन्सिल खाली ठेवली. “बैलाच्या शेपटीवर माशी बसली तरी याहून जास्त फरक पडेल.”

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हजारो वर्षं माणूस चाकं करत आला. सुतारानं तुंबा घडवला, आरे बसवले, लोहारानं तापवून धाव चढवली, पण चाक तोलून बघायची कुणाला गरज पडली नाही. चाक वाकडं नव्हतं असं नाही. वाकडेपणा उघडा पडावा एवढी घाई नव्हती. रॉबर्ट थॉमसननं १८४५ साली हवेच्या टायरचं पेटंट घेतलं, तर जग त्याला विसरूनही गेलं. पुढे १८८८ साली बेलफास्टच्या जॉन डनलॉप नावाच्या पशुवैद्यानं आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी तेच पुन्हा शोधून काढलं. बैलांना औषध देणाऱ्या माणसानंच बैलांचा धंदा बसवला म्हणायचा. टायर आले, मोटारी आल्या, रस्ते गुळगुळीत झाले, वेग वाढला आणि मग कुठे माणसाच्या ध्यानात आलं, की आपलं चाक एका अंगाला जड आहे.

फिरणाऱ्या वस्तूंचा तोल बघणारी यंत्रंही आधी मोटारींसाठी झालीच नाहीत. जर्मनीतल्या लावाचेक नावाच्या इंजिनिअरनं १९०७ साली अशा यंत्राचं पेटंट घेतलं आणि डार्मश्टाटच्या कार्ल शेंक कंपनीनं ती बनवायला घेतली. ती वीजनिर्मितीची टर्बाइनं आणि असलीच अवजड धुडं तोलण्यासाठी. गॅरेजवाले कितीतरी वर्षं चाचांच्याच पद्धतीनं, म्हणजे चाक थांबण्याची वाट बघून काम करत राहिले. मग मध्ये एक सुधारणा आली. गवंड्याची पाणसळ असते ना, तसलाच एक बुडबुडा. चाक आडवं करून एका टोकदार दांड्यावर ठेवायचं, मध्ये काचेखाली बुडबुडा. चाक ज्या बाजूला जड, तिच्या उलट बुडबुडा सरकणार. बुडबुडा मध्ये येईपर्यंत समोरच्या कडेवर वजनं ठेवायची. चाचांनी हेही यंत्र घेतलं. त्यामुळे चहाच्या दोन कपांचा एक कप झाला. गिऱ्हाईक वाढलं आणि गप्पा कमी झाल्या.

ही सगळी तोल पाहण्याची उभी पद्धत. वस्तू स्थिर ठेवायची आणि कुठे झुकते ते बघायचं. तिचा अभिमान बाळगायला आमच्या अंबरनाथइतका कुणाला अधिकार नाही. आमचं शिवमंदिर शके ९८२ चं, म्हणजे १०६० सालचं, शिलाहार राजांच्या वेळचं. साडेनऊशेहून अधिक वर्षं ते काळ्या पाषाणाचं काम वालधुनीच्या काठी उभं आहे. उभ्याचा तोल पाहायचा तर तिथे जावं. पण १९९३ साली आम्ही बिऱ्हाड बदलापूरला हलवलं आणि तोलाचा दुसरा प्रकार मला शिकावा लागला. बदलापूर म्हणजे जुन्या काळी घोडे बदलण्याचं ठिकाण, म्हणून बदलापूर, असं सांगतात. आता तिथे माणूस घोडा बदलत नाही, स्वतःच घोडा होतो. सकाळच्या मुंबईच्या लोकलमध्ये एका पायावर उभं राहून, एका हातात डबा आणि दुसऱ्या हातात शेजाऱ्याचं वर्तमानपत्र धरलेला माणूस कल्याणचा सांधा लागला तरी पडत नाही. तोच माणूस रविवारी बाथरूममध्ये घसरतो. फिरत्याचा तोल आणि उभ्याचा तोल या दोन वेगळ्या विद्या आहेत, हे मला लोकलनं शिकवलं. चाकाच्या बाबतीत शिकायला आणखी दहा वर्षं गेली.

२००२ साली मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण खुला झाला. साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा गुळगुळीत रस्ता. ज्या महाराष्ट्राच्या गाड्या खड्ड्यांमुळे थरथरत होत्या, त्या आता खड्डा नसताना थरथरायला लागल्या. पुढच्याच वर्षी आमच्या चिरंजीवांनी नवी गाडी घेतली आणि पहिल्याच पुणेवारीत ती नव्वदला हलायला लागली. फियाटसारखी वर-खाली नव्हे. स्टिअरिंग डावं-उजवं मान हलवत होतं. नंदीबैलासारखं.

मी अर्थातच गाडी चाचांकडे नेली. चाचांनी चाक अधांतरी केलं, फिरवलं. चाक कुठेही थांबलं. बुडबुड्यावर ठेवलं. बुडबुडा मधोमध. चाचांनी सगळं पुन्हा केलं. पुन्हा तेच. मला वाटलं, आता चिरंजीवांना ‘तुझ्याच हाताला कंप आहे’ असं सांगायला हरकत नाही. पण चाचा स्टूल ओढून बसले आणि मी कुठल्याही तज्ज्ञाच्या तोंडून पुन्हा कधी न ऐकलेलं वाक्य बोलले.

“साईं, ये मेरे बस का नहीं. मैं बैठे हुए की बीमारी पकडता हूं. ये दौडने वाली बीमारी है. मशीन पे जाओ.” मग थोडं थांबून म्हणाले, “मैं भी आता हूं. देखना है.”

बदलापूरच्या एका टायरच्या दुकानात ते कॉम्प्युटरचं यंत्र आलं होतं. काचेचं दार, आत थंडगार हवा, गिऱ्हाइकाला बसायला सोफा. चाक यंत्राच्या दांड्यावर चढवलं, रिमचा व्यास आणि रुंदी सांगितली, झाकण खाली ओढलं. चाक सूंऽ करून फिरलं, थांबलं आणि पडद्यावर दोन आकडे उमटले. आतल्या कडेला ३० ग्रॅम, बाहेरच्या कडेला ३० ग्रॅम. आणि जागा नेमक्या समोरासमोर. चाचा आकड्यांकडे बघत राहिले.

मग मुलानं समजावलं, मी समजलो, आणि घरी गेल्यावर हिनं मला खरं समजावलं. चाकाला रुंदी असते. ढोलकीसारखी त्याला दोन अंगं. आतलं अंग वरच्या बाजूला जड आणि बाहेरचं अंग खालच्या बाजूला तेवढंच जड असेल, तर चाक उभं असताना दोघांची फिट्टंफाट होते. फिरायला लागलं, की एक इकडे खेचतो, दुसरा तिकडे. आणि चाक मान हलवतं. आमच्या सोसायटीचे अध्यक्ष आणि सेक्रेटरी असेच आहेत. मीटिंगमध्ये दोघे बसलेले असताना पाहा, सोसायटीचा कारभार अगदी समतोल. टाकी दुरुस्तीला काढली, की सगळी इमारत हलते. हा दोष बसलेल्या चाकात सापडूच शकत नाही. फिरवल्याशिवाय तो अस्तित्वातच नसतो म्हणा ना.

दोन्ही कडांना वजनं लागली, झाकण पुन्हा खाली आलं आणि पडद्यावर दोन शून्यं उमटली. गाडी शंभरला लोण्यावरून सुरी फिरावी तशी गेली. यंत्राचा विजय झाला. चाचांनीही तो मान्य केला, फक्त मुलाला एक प्रश्न विचारला, “ये जीरो पक्का जीरो है?” मुलगा प्रामाणिक होता. म्हणाला, “चाचा, पाच ग्रॅमच्या आत असेल तर मशीन शून्यच दाखवतं. तेवढ्यानं गाडीला काही कळत नाही.” चाचांच्या आत दडलेला सोनार जागा झाला. “पाच ग्राम सोना तू ऐसेही छोड देगा?” असं म्हणून ते इतके हसले, की सोफ्यावरचे लोक बघायला लागले.

त्यानंतर मी यंत्राचाच भक्त झालो. माणसाचं असंच असतं. गुरू बदलला, की आधीचा गुरू अडाणी वाटायला लागतो. तोळे गेले, ग्रॅम आले. शिसंही जायला लागलं. ते विषारी म्हणून युरोपनं २००५ पासून मोटारींच्या चाकांना शिशाची वजनं लावणं बंद केलं आणि जस्ताची, पोलादाची वजनं आली. मी लोकांना ‘बबल बॅलन्सिंग म्हणजे जुनाट प्रकार हो’ असं सांगत फिरू लागलो. जणू लावाचेकसाहेब आमच्या मावसभावांपैकी!

२०१२ सालचा मे महिना. दुसऱ्या दिवशी पहाटे सगळ्यांनी पुण्याला लग्नाला जायचं होतं. कर्जत-खोपोलीवरून पुढे द्रुतगती मार्ग. गाडीत आम्ही दोघं, मुलगा, सून आणि चार वर्षांची नात. आदल्या दिवशी मी गाडी काचेच्या दारात नेली. चारही चाकांना शून्य-शून्य आलं आणि छापील बिल मिळालं. योगायोगानं चाचा त्या दिवशी बदलापूरला कुणाच्या तरी बारशाला आले होते. वय बहात्तर, हात जरा थरथरायचे. त्यांना उल्हासनगरला सोडायला मी गाडी काढली. दुकानाच्या बाहेर पडून जेमतेम फर्लांगभर गेलो असू.

“साईं, ये हिल रही है.”

“चाचा, आत्ताच बॅलन्स केलीय. शून्य आहे.” मी बिल काढून दाखवलं.

“स्पीड कितना है?”

“पंचवीस.”

“तो फिर बॅलन्स का सवालही नहीं. वजन की गडबड पचीस पे बात नहीं करती. गाडी रोको.”

हिनं वहीच्या मागच्या पानावर मांडलेला हिशेब मला अठ्ठावीस वर्षांनी आठवला. वेगाच्या वर्गानं! पंचविसाला वजनाचा फरक कळणारच नाही. मी तो हिशेब ज्याला त्याला ऐकवत होतो आणि स्वतःच्या गाडीत बसून विसरलो होतो. आम्ही परत दुकानात गेलो. चाचा जमिनीवर बसले आणि चाक हळूहळू फिरवत टायरवरून तळवा फिरवत राहिले. मांजरीच्या पाठीवरून फिरवावा तसा. एका जागी त्यांचा हात थांबला. त्यांनी माझा तळवा धरून तिथे ठेवला. डोळ्यांना काही दिसत नव्हतं, पण हाताला कळत होतं. टायरला आतून फुगवटा आला होता.

“सर, मशीन झिरो दाखवतंय,” मुलगा म्हणाला.

“झीरोही दिखायेगी, बेटा,” चाचा म्हणाले. “मशीन को पूछा, वजन बराबर है क्या. उसने सही बोला. टायर अच्छा है क्या, ये पूछाच नहीं.”

टायर उतरवून पाहिला. आतले थर सुटायला लागले होते. मे महिन्याचं ऊन, पाच माणसं, सामान आणि शंभरचा वेग. तो टायर घाटापर्यंत टिकला असता की नसता, हे कुणी सांगू शकणार नाही, आणि मला ते जाणून घ्यायचंही नाही. नवा टायर घातला. त्या मुलानं तो यंत्रावर चढवण्यापूर्वी त्याच्यावरून तळवा फिरवला. चाचांनी ते पाहिलं आणि काही बोलले नाहीत. लग्नाला आम्ही वेळेवर पोहोचलो. नात अक्षता टाकायच्या सोडून खात बसली.

माझ्या वयाच्या लोकांना जुनं ते सोनं म्हणायची खोड असते आणि मुलांच्या वयाच्या लोकांना जुनं ते भंगार म्हणायची. चाचांनी यातलं काहीच म्हटलं नाही. जिथे त्यांची विद्या संपली, तिथे त्यांनी मला यंत्राकडे पाठवलं. जिथे यंत्राची संपली, तिथे गाडी थांबवायला लावली. पद्मिनी केव्हाच गेली. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सीसुद्धा २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून उतरली. चाचाही गेले. कॅम्प चारमधल्या त्या शेडच्या जागी आता त्यांच्या नातवाचं जीन्सचं दुकान आहे. गल्ल्यामागे झुलेलालची तीच तसबीर आणि तिच्याखाली काचेच्या पेटीत तो तराजू. नातवानं तो घासूनपुसून इतका लखलखीत ठेवलाय, की एका गिऱ्हाइकानं किंमत विचारली म्हणे.

परवा हे सगळं मी हिला लिहून वाचून दाखवलं. तिनं गणिताच्या पेपरासारखं ऐकलं, दोन ठिकाणी आकडे दुरुस्त केले. मग चष्मा काढून म्हणाली, “चाळीस वर्षांत चाकांना मिळून किती तोळे घातलेत, त्याचा हिशेब केला नाहीत तो?”

मी म्हटलं, “राहिला खरा.”

“मी केलाय,” ती म्हणाली आणि वही उघडली.